साडेसात सेंटिमीटर उंचीवरची अकरा पावलं: हील्सवर चालायला शिकवणाऱ्या एका वर्गाबद्दल

मला अकरा पावलं चालायची होती. आमच्या हौशी संघाच्या नाटकात तिसरा अंक अंधारात सुरू होतो. मी जी बाई करते ती दिसण्याआधी तिची पावलं ऐकू यायला हवीत, असा दिग्दर्शकाचा आग्रह. विंगेमागून अकरा पावलं, मग दार, मग तीन पायऱ्या उतरून टेबलापाशी. हातात पत्र, पायात साडेसात सेंटिमीटरची हील.

मी ४४ वर्षांची आहे, ग्रंथालयात काम करते, आणि सपाट चपला नि कॅनव्हासचे बूट यांखेरीज माझ्या पायात तोवर काही गेलं नव्हतं. पहिल्या तालमीत उसन्या हील्स घालून चालले तेव्हा जो आवाज आला तो पाय ओढत चालल्याचा होता. त्या पात्राचा हा आवाज असूच शकत नाही, हे मला दिग्दर्शकानं सांगायच्या आधीच कळलं. "आत्मविश्वासानं चाल, बाकी आपोआप येईल," असं सगळ्यांनी सांगितलं. आपोआप काही येत नाही. म्हणून मी हा वर्ग लावला. सहा शनिवार, दर वेळी दीड तास, १४ जणींची तुकडी. शिकवणाऱ्या बाई आता साठीच्या पुढे आहेत आणि त्यांनी आयुष्यभर बॉलरूम नृत्य शिकवलं आहे. सहाही शनिवार मी पूर्ण केले. वर्गाची शिफारस मी करणार आहे, पण काही गोष्टी तिथे बदलायला हव्यात, आणि त्याही स्पष्ट लिहिणार आहे.

पहिल्या शनिवारी पिशवीतून हील्स काढायच्याच नाहीत असं बाईंनी सांगितलं. पूर्ण दीड तास अनवाणी. एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, मग दुसऱ्या. मग तेच डोळे मिटून. भिंतीला बोटं टेकवून चवड्यांवर उठायचं आणि सावकाश खाली यायचं, असं पंधरा वेळा. जमिनीवर रुमाल टाकून तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा. दोघी-तिघी वैतागल्या. आम्ही हे शिकायला आलो नाही, असं एकीनं तोंडावर सांगितलंही. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातून पायाच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सांगाडा काढला आणि टेबलावर ठेवला.

एका पावलात २६ हाडं असतात हे मी वाचलेलं होतं. पण त्यांनी पुढे जे दाखवलं ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. घोट्याच्या खोबणीत जे हाड बसतं, त्याला टॅलस म्हणतात, ते पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल सपाट असतं तेव्हा रुंद भाग खोबणीत घट्ट बसलेला असतो. टाच उचलली की हाड सरकतं, अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. बाईंनी सांगाड्याचा घोटा हातात धरून आधी सपाट पावलानं हलवून दाखवला, मग टाच उचलून. फरक डोळ्यांना दिसत होता. "हील घातली की तुमचा घोटा डगमगतो तो भीतीनं नव्हे. त्या स्थितीत तो डगमगणारच. मग तोल सांभाळायचं काम कुणी करायचं? पोटरीनं, नडगीच्या बाहेरच्या अंगाच्या स्नायूंनी आणि बोटांनी. त्यांना आधी जागं करू." त्या क्षणी माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. मी भित्री किंवा बेढब नव्हते. माझ्या पायाला एक काम कधी शिकवलंच गेलं नव्हतं, एवढंच.

मला विचाराल तर हा पहिला शनिवार हाच या वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. तो टाळून तिसऱ्या शनिवारपासून येऊ का, असं विचारणाऱ्यांना बाई प्रवेश देत नाहीत. ते योग्यच करतात.

दुसरा शनिवार बुटांचा. सगळ्यांनी आपापले जोड टेबलावर मांडले आणि बाईंनी एकेक तपासला. बूट सपाट जागी ठेवून मागून पाहायचं, टाच सरळ उभी आहे की आत-बाहेर कललेली. मग वरून बोटानं हलकासा धक्का द्यायचा, तो लगेच स्थिर होतो की डुलत राहतो. मग दोन्ही हातांत धरून वाकवायचा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, कमानीत वाकता कामा नये. कमानीखाली, टाच आणि चवडा यांच्यामध्ये, तळाच्या आत पोलादी पट्टी असते. हातात घेतलेला बूट मधेच दुमडला तर ती पट्टी कमकुवत आहे किंवा नाहीच. असा बूट पावलाला अधांतरी सोडतो. आणि शेवटचं, बुटाची उंच टाच पावलाच्या टाचेच्या बरोबर मध्याखाली यायला हवी. ती मागे सरकलेली असली की प्रत्येक पावलाला पडल्यासारखं वाटतं. चूक आपली नसतेच, तरी आपण ती आपल्या चालण्यात शोधत बसतो.

मी नाटकासाठी घाईत घेतलेला जोड या टेबलावर नापास झाला. कमानीत तो दुमडत नव्हता, टाचही सरळ होती. दोष मापात होता. बोटं आवळतात म्हणून मी अर्धा नंबर मोठा घेतला होता, आणि बहुतेक जणी हेच करतात. सपाट बुटात ते चालून जातं. हीलमध्ये पाऊल उतारावर असतं. बूट सैल असला की पाऊल घसरत पुढे जातं, बोटं टोकात जाऊन कोंबली जातात, आणि मागे टाचेपाशी पोकळी राहते. म्हणजे आवळू नये म्हणून मोठा घेतलेला बूट जास्तच आवळतो, वर टाचेतून निसटतो. तो निसटू नये म्हणून आपण नकळत बोटं आक्रसून धरतो. तालमीनंतर माझी बोटं रात्रभर का ठणकत होती, ते तेव्हा समजलं.

त्यांनी सांगितलेली कागदाची युक्ती सगळ्यांनी करून पाहावी अशी आहे. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर पूर्ण भार देऊन उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणाकडून पावलाची कड काढून घ्यायची. बसून नाही, उभं राहूनच, कारण भार आला की पाऊल पसरतं. दोन्ही पावलांची काढायची, ती सहसा सारखी नसतात. आकृती कापून बुटाच्या तळाशी धरायची. कागद जिथे बाहेर येईल तिथे बूट लागणार. माझ्या करंगळीपाशी तो बोटभर बाहेर आला. निमुळत्या टोकाचा तो जोड मी परत केला.

उंचीबद्दल त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र दुकानात कुणी बोलत नाही. सेंटिमीटर सगळ्यांना सारखे नसतात. माझं पाऊल लहान आहे, तेवीस सेंटिमीटरचं. साडेसातची हील माझ्या पायाला जेवढा चढ देते त्याहून कमी चढ ती लांब पावलाच्या बाईला देते, कारण तेवढीच उंची जास्त लांबीवर पसरते. मैत्रिणीला जी उंची सहज जमते ती आपल्याला का जमत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इतकं साधं असतं. बुटाला पुढेही जाड तळ असेल तर तेवढी उंची वजा करून धरायची. साडेसातची टाच आणि पुढे दीडचा तळ असेल तर पायाला चढ सहाचाच.

बाईंच्या सांगण्यावरून मी आधी पाच सेंटिमीटरचा जोड घेतला. टाच रुंद, घोट्याभोवती पट्टा. नाटकातला साडेसातचा जोड चौथ्या शनिवारनंतर, आणि त्यालाही पुढे एक सेंटिमीटरचा तळ.

तिसऱ्या शनिवारी शेवटी एकदाच्या आम्ही चालायला लागलो. त्याआधी बाईंनी वजनाचे दोन काटे जमिनीवर मांडले, एक टाचेखाली, एक चवड्याखाली. सपाट उभं राहिल्यावर टाचेखालचा काटा जास्त भार दाखवत होता. मग टाचेखालच्या काट्यावर लाकडी ठोकळा ठेवला, आणि चवड्याखालचा आकडा चढत गेला. उंच ठोकळ्याला तो टाचेच्या काट्याला मागे टाकून गेला. एकेकीनं स्वतः उभं राहून पाहिलं. चवड्याखाली आग का होते यावर त्यानंतर कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही.

माझी चूक अशी की मी चवडा आधी टेकवत होते. उंच टाचेवर आहोत म्हणजे चवड्यावर चालायचं, असं शरीर धरून चालतं. मग गुडघे वाकलेलेच राहतात, कंबर मागे जाते आणि मान खाली. बाईंनी मला भिंतीपाशी उभं केलं, डोक्याचा मागचा भाग आणि पाठ टेकवून, आणि म्हणाल्या, "अहो, पाय कुठे पळून जात नाहीत. समोर बघा." टाच आधी टेकवायची, पण आदळायची नाही. लगेच तळवा खाली, भार बाहेरच्या कडेनं अंगठ्याकडे सरकत पुढे. पाऊल नेहमीपेक्षा आखूड. गुडघा ताठ रेटायचा नाही, पण भार येताना तो पुरता सरळ व्हायला हवा. पोट अलगद आत. पाय एकासमोर एक ओढून ताणून टाकायचे नाहीत. ती फॅशनच्या मंचावरची चाल आहे, ती रोज चालण्यासाठी नाही. दोन पावलांच्या आतल्या कडा एका रेषेला लागून जातील एवढं पुरे.

मग त्यांनी मेट्रोनोम लावला. मिनिटाला ६० ठोके. साध्या चालीत माणूस याच्या जवळजवळ दुप्पट पावलं टाकतं, त्यामुळे ६० ला चालणं किती अवघड आहे हे चालून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. एका पायावरचा वेळ लांबतो आणि लपवायला जागाच राहत नाही. तिसऱ्या शनिवारी ६०, चौथ्याला ७२, पाचव्याला ८४.

इथे मला माझ्या कामाची गोष्ट सापडली. मला आवाज हवा होता, म्हणून घरी सराव करताना मी फोनवर तो रेकॉर्ड करायचे आणि रात्री ऐकायचे. दहा-बारा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आरशापेक्षा कान जास्त खरं सांगतो. चांगल्या पावलात दोन आवाज असतात. आधी टाचेचा, छोटा आणि टणक, टक्. त्याच्या अगदी पाठोपाठ तळव्याचा, मऊ, टप. दोन्हींमध्ये किंचित अंतर. चवडा आधी पडला की एकच चपराक ऐकू येते. टाच आदळली की टक् मोठा होतो आणि टप हरवतो. बूट सैल असला की तिसराच आवाज येतो, पाऊल उचलताना टाचेतून निसटल्याचा, चप्पल फटफटल्यासारखा. मी हे रेकॉर्डिंग बाईंना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ते दोनदा ऐकलं आणि डावा पाय उजव्यापेक्षा उशिरा उचलते आहेस, असं सांगितलं. पायाकडे न बघता! पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांना एकेक करून चालायला लावलं आणि बाकीच्यांना पाठ फिरवून ऐकायला बसवलं. कुणाचं काय चुकतंय हे आम्हाला ओळखता येऊ लागलं होतं. सहा आठवड्यांतला माझा सर्वांत आनंदाचा तास तो.

आता तक्रारी. १४ जणी ही संख्या जास्त आहे. दीड तासात आधीचा आणि नंतरचा व्यायाम वजा केला तर एकेकीकडे बाईंचं लक्ष चार-पाच मिनिटं. रांगेत शेवटी असणाऱ्यांना तेवढंही मिळत नाही. आठ जणींची तुकडी करावी, त्यासाठी मी जास्त पैसे आनंदानं दिले असते.

दुसरी तक्रार मोठी आहे. सहाच्या सहा शनिवार आम्ही एकाच सभागृहात, एकाच गुळगुळीत, सपाट जमिनीवर चाललो. बाहेरचं जग असं नसतं. गालिच्यात टाच रुतते, गवतात बुडते, फरश्यांच्या सांध्यात अडकते, जाळीच्या झाकणात सरळ आत जाते. माझं वजन ६१ किलो. पेन्सिल हीलचं टोक साधारण एक चौरस सेंटिमीटरचं असतं, म्हणजे टाच टेकताना क्षणभर जवळपास सगळा भार तेवढ्या जागेवर. रुंद टाचेचा तळ तीन बाय तीन धरला तर तोच भार नऊ चौरस सेंटिमीटरवर पसरतो. हे गणित वर्गात सांगितलं गेलं, पण पायाखाली कधी आणून दिलं नाही. चौथ्या शनिवारनंतरच्या तालमीत रंगमंचावरच्या दोन लाकडी चौथऱ्यांमधल्या फटीत माझी टाच गेली आणि पाऊल आत वळलं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लगेच सूज आली. हाड मोडलं नव्हतं, पण पाच दिवस पाय वर करून बसावं लागलं, आणि त्यानंतरचे दहा दिवस सपाट बूट. पाचव्या शनिवारी मी खुर्चीत बसून फक्त पाहिलं. ती फट मला दिसली नव्हती असं नाही. जमीन कशी वाचायची, चार पावलं पुढे नजर ठेवून जागा कशी हेरायची आणि फटीवर फक्त चवडा टाकून कसं पुढे जायचं, हे मला शिकवलेलं नव्हतं. बाईंनी स्वतः फोन करून विचारपूस केली, आणि सहाव्या शनिवारी माझ्यासाठी अर्धा तास आधी येऊन हे सगळं शिकवलं. तो त्यांचा चांगुलपणा. पण अभ्यासक्रमात हे सगळ्यांसाठी हवं, आणि चौथ्या शनिवारच्या आत हवं.

जिन्याचंही तेच. पाचव्या शनिवारी जेमतेम वीस मिनिटं. चढताना चवडा पायरीवर पूर्ण ठेवायचा, टाच बाहेर राहिली तरी चालते. उतरताना मात्र टाच पायरीवर आलीच पाहिजे, म्हणून पाऊल किंचित तिरकं टाकायचं, शरीर थोडं कडेला वळवायचं आणि कठड्याला हात. शिकवलं ते अचूक होतं. पण उतरणं हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा भाग आहे आणि त्याला पूर्ण शनिवार द्यायला हवा. माझ्या तीन पायऱ्यांना तर कठडाच नाही, नि एका हातात पत्र. त्या पायऱ्या मी घरी मोजून १२० वेळा उतरले, आधी अनवाणी, मग पाचच्या हीलवर, मग साडेसातच्या.

आणि एक गोष्ट जी मला सर्वांत खटकली. प्रवेशाच्या अर्जात तब्येतीचा एकही प्रश्न नाही. आमच्यात मधुमेह असलेल्या एक ताई होत्या, त्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली. त्यांच्या टाचेला फोड आला, फुटला, आणि त्यांना तो घरी गेल्यावर मोज्यावर डाग पाहून कळला. ज्यांना पायाला लागलेलं कळतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हील घालूच नये. अंगठ्याचा सांधा वळलेला असेल, घोटा नुकताच मुरगळला असेल, तरीही आधी विचारावं. बाईंना आम्ही हे सांगितलं, त्यांनी ते ऐकून घेतलं आणि अर्ज बदलते म्हणाल्या. बदललाय का ते जाणाऱ्यांनी पाहून घ्यावं.

इतिहासाचा एक तुकडाही वर्गात झाला, कुणीतरी विचारलं म्हणून. उंच टाच मुळात चालण्यासाठी आलीच नव्हती. इराणी घोडेस्वारांच्या बुटाला ती असायची, रिकिबीत पाय घट्ट अडकून राहावा म्हणून, म्हणजे रिकिबीत उभं राहून बाण मारता यावा. तिथून ती युरोपात गेली आणि सतराव्या शतकात तिथल्या पुरुषांनी मिरवली. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात चित्रांचा मोठा ग्रंथ काढून बघितलं. रिगो या चित्रकारानं १७०१ मध्ये रंगवलेला फ्रान्सचा राजा चौदावा लुई, वय साठीच्या पुढे, आणि बुटांच्या टाचा लालभडक. टाचणीसारखी बारीक टाच तर १९५०च्या दशकातली. आत पोलाद घालायची सोय झाली म्हणून ती भार पेलू शकली. हे पाहिल्यावर मला एक प्रकारचं समाधान वाटलं. घोड्यावर बसून पाय अडकवायला केलेली वस्तू घालून आपण जिने उतरतो आहोत, तर ते शिकावं लागणारच.

वर्गातली सर्वांत लहान मुलगी २२ वर्षांची. ती हौसेनं आली नव्हती. तिच्या नोकरीत स्वागतकक्षात आठ तास हीलवर उभं राहावं लागतं, नियमच तसा आहे, आणि दोन महिन्यांत तिच्या पोटऱ्या रात्री आखडू लागल्या होत्या. तिच्यासाठी मी जरा शोधून वाचलं. १९९८ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात उंच टाचेनं गुडघ्यावरचा पीळ वाढतो असं मोजलं गेलं. २००१ मध्ये त्याच नियतकालिकात रुंद टाचांवरचा अभ्यास आला, आणि गुडघ्याच्या बाबतीत रुंद टाचही सुटका करत नाही असं त्यात निघालं. म्हणजे रुंद टाच तोल देते, गुडघ्याला आराम देत नाही. हा फरक मी कुठल्याच खरेदीच्या सल्ल्यात वाचला नव्हता. २०१० मधल्या एका अभ्यासात वर्षानुवर्षं हील घालणाऱ्या बायकांच्या पोटरीचे स्नायुतंतू आखूड आणि टाचेमागचा दोर जाड आणि ताठ झालेला आढळला. म्हणूनच अशा बायकांना सपाट बुटात चालताना त्रास होतो.

बाई वर्गाच्या शेवटी दर वेळी दहा मिनिटं पोटरी ताणायला लावायच्या. भिंतीला हात, एक पाय मागे, टाच जमिनीला, तीस सेकंद, मग गुडघा किंचित वाकवून पुन्हा तीस. त्याचं कारण हेच. त्यांचा वेळेचा नियमही मला पटला. पहिल्या आठवड्यात रोज वीस मिनिटं, पुढे हळूहळू वाढवायचं, आणि दुखायला लागल्यावर नव्हे, दुखायच्या आधी बूट काढायचे. पिशवीत सपाट जोड कायम. पण आठ तास उभं राहायला लावणाऱ्या नियमापुढे हे सगळं तोकडं पडतं, आणि बाईंनी ते त्या मुलीला स्पष्ट सांगितलं: "मी तुला चालायला शिकवीन. आठ तास उभं राहायला कुणी शिकवू शकत नाही." कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१७ मध्ये अशी सक्ती बंद झाली, फिलिपिन्समध्येही त्याच वर्षी. जपानमध्ये २०१९ मध्ये बायकांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. मी हे सगळं छापून तिला दिलं आणि तिनं ते तिच्या वरिष्ठांकडे नेलं. तिला आता तीन सेंटिमीटरची रुंद टाच चालते असं कळवलंय. मला ते माझ्या अकरा पावलांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

वर्गात न मिळालेली, पण फार कामाची एक गोष्ट मला बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे मिळाली. नव्या बुटाचा तळ काचेसारखा गुळगुळीत असतो. त्यांनी पुढच्या अर्ध्या तळाला पातळ रबर चिकटवून दिलं, पाय घसरायचा थांबला. टाचेलाही रबराची टोपी बसवू का म्हणाले. घरी वापरायच्या जोडाला बसवली. नाटकाच्या जोडाला बसवली असती तर माझा टक् गेला असता, म्हणून तिथे कडक टोपीच ठेवली. पुढे रबर, मागे कडक: पकडही राहिली आणि आवाजही. टोपी झिजून आतला खिळा दिसायच्या आत बदलायची, नाहीतर टाचच खराब होते आणि खिळा फरशीवर घसरतो, असं त्यांनी बजावलं. ही माहिती दुसऱ्या शनिवारी बुटांबरोबरच द्यायला काय हरकत आहे?

वर्ग कुणासाठी? ज्यांना एका कार्यक्रमापुरतं, पुढच्या आठवड्यात चालायचं आहे त्यांच्यासाठी नाही. सहा आठवडे आणि रोजची वीस मिनिटं द्यावीच लागतात. मध्यंतरी पाय मुरगळून पंधरा दिवस गेले म्हणून मला आणखी तीन आठवडे लागले. ज्यांना स्वतःला हील घालावीशी वाटते, किंवा माझ्यासारखं कामासाठी हवं आहे, आणि आपल्याला हे जमत नाही म्हणजे आपल्यातच काही कमी आहे असं वाटत आलंय, त्यांनी जरूर जावं. पाचपैकी चार तारे. जमीन, जिना आणि अर्ज सुधारला तर मी पाचवा आनंदानं देईन.

प्रयोग झाला. अंधारात उभी राहिले, श्वास सोडला, आणि ८४ च्या ठोक्यावर निघाले. प्रेक्षकांतली कुजबुज चौथ्या पावलाला थांबली, ते मला आत ऐकू आलं. दार उघडलं. पायऱ्या उतरताना पत्र धरलेला हात थरथरत होता, पाय नव्हते. तिसऱ्या रांगेत बाई बसल्या होत्या, आणि शेजारच्यांनी नंतर सांगितलं की पडदा उघडल्यावरही त्यांनी बराच वेळ डोळे मिटूनच ठेवले होते.

दुसरा प्रयोग तीन आठवड्यांनी आहे. काल जोड पुसताना पाहिलं तर डाव्या टाचेची टोपी बाहेरच्या कडेला उजवीपेक्षा जास्त झिजली आहे. शनिवारी बाईंकडे घेऊन जाणार आहे.